सायनस की नुसती सर्दी? रंगावर जाऊ नका, दिवस मोजा

कृष्णाकाठ

पावसाळा सरत आला की दवाखान्यात एक वाक्य दिवसभर कानावर पडतं: "डॉक्टर, सायनस झालाय, जरा स्ट्राँग गोळ्या द्या." मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. असं म्हणत येणाऱ्या बऱ्याच जणांना साधं पडसं असतं, काहींना ॲलर्जी, काहींना चक्क अर्धशिशी. आणि ज्यांच्या सायनसमध्ये खरोखर जंतुसंसर्ग झालेला असतो, ते कधीकधी "सर्दीच आहे, जाईल" म्हणत घरी वाफारे घेत बसतात. दोन्हीकडे नुकसान होतं. एकाच्या पोटात नको ती अँटिबायोटिकं जातात, दुसऱ्याचा आजार अंगावर निघतो. म्हणून हा धागा.

आधी आत काय असतं ते पाहू. नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. एक गालात, एक भुवयांच्या वर कपाळात, एक दोन डोळ्यांच्या मध्ये आणि एक पार आत, कवटीच्या तळाशी. आतलं ओलसर अस्तर सतत पातळ स्राव तयार करतं आणि त्यावरची सूक्ष्म केसांसारखी लव तो स्राव बारीक छिद्रांवाटे नाकात ढकलत असते. सर्दीत अस्तर सुजलं की ही छिद्रं बुजतात आणि स्राव आतच तुंबतो. गालातल्या सायनसचं छिद्र तर वरच्या अंगाला असतं, म्हणजे टाकीचा नळ तळाला न बसवता झाकणापाशी बसवावा तसं. सगळा निचरा त्या लवेच्या जोरावर, वरच्या दिशेने. म्हणून सगळ्यांत जास्त तुंबणारी पोकळी तीच.

आता मुद्द्याचं. साध्या विषाणूच्या सर्दीतही सायनस सुजतातच. १९९४ मध्ये अमेरिकेत साधं पडसं झालेल्या ३१ जणांचे सीटी स्कॅन काढले, तर २७ जणांच्या गालातल्या सायनसमध्ये बिघाड दिसला. काही जणांचे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केले, तेव्हा कुठलीही अँटिबायोटिकं न घेता बहुतेकांचं सगळं निवळलेलं होतं. त्यामुळे गाल जड वाटणं, नाक चोंदणं, वास न येणं एवढ्यावरून जंतुसंसर्ग ठरत नाही. मोठ्या माणसांत शंभर सर्द्यांमागे जेमतेम एक-दोन वेळा पुढे जिवाणूंचा संसर्ग होतो.

मग ओळखायचं कसं? दिवसांवरून. साधी सर्दी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यांत जोरात असते आणि मग उतरणीला लागते. खोकला रेंगाळला तरी एकूण कल बरं होण्याकडे असतो. दहा दिवस उलटले आणि तसूभरही फरक नाही, तर शंका घ्यावी. त्याहून बोलकी खूण म्हणजे सर्दी उलटणं: पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटायला लागलं, कामावर गेलात, आणि अचानक पुन्हा ताप, पुन्हा गाल ठणकायला लागला, नाकातून घट्ट पू येऊ लागला. तिसरा प्रकार सुरुवातीपासूनच जोराचा असतो. १०२ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, सोबत पुवासारखा शेंबूड आणि चेहऱ्यात ठणका, आणि हे सगळं सलग तीन-चार दिवस. या तिन्हींपैकी एकही लागू नसेल तर वाट पाहायला हरकत नाही.

चेहऱ्याचं दुखणं एकाच बाजूला असेल आणि त्या बाजूच्या वरच्या दाढाही दुखत असतील, तर माझं लक्ष जास्त जातं. वासाचंही मी नेहमी विचारतो. फोडणीतल्या हिंगाचा वास येतोय का, हा माझा ठरलेला प्रश्न.

आणि रंग. हिरवा-पिवळा शेंबूड म्हणजे जंतू, हे डोक्यातून काढून टाका. तो हिरवेपणा आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका विकराचा (एन्झाइमचा) असतो. त्या पेशी विषाणूशी लढतानाही येतात, म्हणून साध्या सर्दीतसुद्धा मधले काही दिवस शेंबूड हिरवा होतो. आपल्याकडे त्याला सर्दी पिकली म्हणतात, आणि पिकलेली सर्दी बहुतेकदा जायच्याच वाटेवर असते.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहीन. मात्र इथे वाचून कुणी स्वतःवर उपचार करू नका.

मोहोर

डॉक्टर, फार गरजेचा धागा. मला दर महिन्या-दीड महिन्याला "सायनस" होतो. कपाळ आणि डोळ्यांमागे ठणकतं, एका बाजूचं नाक चोंदतं, डोळ्यातून पाणी येतं. खाली वाकलं की डोकं फुटेल असं वाटतं. एक-दोन दिवसांत आपोआप थांबतं. ताप कधीच नसतो. दर वेळी पाच दिवसांचा कोर्स घेते. ठाण्याच्या उन्हातून चालत आले की हमखास. हे दिवसांच्या हिशोबात कुठे बसतं?

कृष्णाकाठ

मोहोरताई, तुम्ही जे लिहिलंय ते दिवसांच्या हिशोबात बसतच नाही. जंतुसंसर्ग एक-दोन दिवसांत आपोआप थांबत नाही आणि दर महिन्याला वेळापत्रक लावून येत नाही. आणखी चार गोष्टी सांगा: दुखताना मळमळतं का? उजेड, आवाज नकोसा होतो का? जिना चढलं की ठणका वाढतो का? उपास किंवा जागरण झालं की होतं का?

नाक चोंदणं आणि डोळ्यातून पाणी येणं ही सायनसचीच खूण असं सगळ्यांना वाटतं. पण चेहऱ्याच्या संवेदना नेणारी नस अर्धशिशीत चाळवली गेली की नाकातल्या रक्तवाहिन्याही फुगतात. नाक चोंदतं, पाणी गळतं. वाकल्यावर वाढणं हेही दोन्हींत असतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांना तपासलं. त्यांतल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीच्या निकषांत बसली.

मोहोर

मळमळतं. खोलीत अंधार करून पडावं लागतं. चतुर्थीच्या उपासाला तर ठरलेलं आहे. मला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. गेल्या वर्षी काढलेला स्कॅन "क्लिअर" आला होता, तरी गोळ्या त्याच.

कृष्णाकाठ

दुखत असताना काढलेला स्कॅन स्वच्छ असेल तर ते दुखणं सायनसचं नाही, हे जवळपास नक्की समजा. न्यूरॉलॉजिस्टला किंवा अर्धशिशी नीट बघणाऱ्या फिजिशियनला भेटा. जाण्याआधी एक वही करा. कधी दुखलं, किती तास, आदल्या दिवशी काय खाल्लं, झोप किती झाली, पाळीची तारीख. या वहीने निम्मं निदान होतं. आणि वेदनाशामक गोळ्या महिन्यातून दहा-पंधरा दिवस घेत असाल तर तेही सांगा, कारण गोळ्यांच्या अतिवापरानेच डोकं दुखत राहण्याचा वेगळा प्रकार असतो.

पाणपोई

लहान मुलांचं कसं ओळखायचं? माझा मुलगा चार वर्षांचा. बालवाडीत जायला लागल्यापासून नाक कोरडं असं नाहीच. रात्री आडवा झाला की खोकतो. सासूबाई म्हणतात कपाळात सर्दी साठलीय.

कृष्णाकाठ

चार वर्षांच्या मुलाच्या कपाळातला सायनस नीट तयारच झालेला नसतो. तो साधारण सहा-सात वर्षांनंतर एक्स-रेत दिसायला लागतो. गालातले आणि डोळ्यांमधले मात्र जन्मापासून असतात. मुलं डोकं दुखतंय असं सांगत नाहीत, त्यांच्यात खोकला आणि वाहतं नाक हीच मुख्य लक्षणं. बालवाडीतल्या मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं नेहमीचं आहे. एक संपते न संपते तोवर दुसरी येते, आणि आईला वाटतं एकच चालू आहे. म्हणून मधले दोन-तीन दिवस नाक कोरडं राहतंय का ते पाहा. राहत असेल तर त्या वेगवेगळ्या सर्द्या. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा खोकला, दहा दिवस झाले, कणभरही उतार नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल तर ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेत का तेही बघून घ्यावं लागेल.

एक गोष्ट सगळ्याच आईबापांसाठी: मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आधी आत काही अडकलंय का ते तपासून घ्या. शेंगदाणा, मणी, फोमचा तुकडा, चिंचोका, काहीही निघतं. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, ते आणखी आत जातं. आणि घड्याळातला किंवा खेळण्यातला बटण सेल असण्याची शंका असेल तर तासाभराचाही उशीर नको, तो आतून भाजतो.

ओसरी

मी दंतवैद्य आहे, थोडी भर घालते. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला टेकलेली असतात. काहींच्यात मध्ये हाडाचा पापुद्रा तेवढा उरलेला असतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. सायनस सुजला की "दाढ काढा" म्हणत लोक आमच्याकडे येतात, आणि दाढेच्या मुळाशी पू झाला की महिनोन् महिने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे फिरतात. सायनसमुळे दुखत असेल तर एक दाढ नेमकी दाखवता येत नाही, ओळीने सगळ्याच बोथट दुखतात, आणि चवड्यांवर उभं राहून टाचा धपकन खाली आपटल्या की जाणवतं. दाढेचं दुखणं असेल तर त्याच एका दाताला गार-गरम लागतं, चावताना तिथेच कळ येते.

एकाच बाजूचं नाक, आणि स्वतःलाच येणारा घाण वास, हे दोन्ही असेल तर दातांचा एक्स-रे काढल्याशिवाय राहू नका. दाढ मेलेली असेल तर ती दुखतही नाही. तिचा उपचार झाल्याशिवाय कितीही अँटिबायोटिकं घेतली तरी ते परत येतं.

शिरवाळ

माझं थोडं वेगळं मत आहे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी वर्षानुवर्षं हिरवा शेंबूड दिसला की अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या दिल्या आणि आम्ही खडखडीत बरे झालो. अनुभव खोटा कसा म्हणायचा?

कृष्णाकाठ

अनुभव खोटा नाही, पण गोळ्या कुठल्या दिवशी सुरू होतात ते पाहा. सर्दीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी, कंटाळून. सर्दी तेव्हा उतरायलाच लागलेली असते, श्रेय गोळीला मिळतं. खऱ्या जंतुसंसर्गातसुद्धा बरेच जण अँटिबायोटिकांशिवाय बरे होतात. आणि अझिथ्रोमायसिनला सायनसमधले नेहमीचे जंतू इतके सरावलेत की तो आता पहिला पर्याय मानत नाहीत. गरज असेल तर बहुधा अमॉक्सिसिलिन किंवा त्यासोबत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेली गोळी देतात, ॲलर्जी आहे का ते विचारूनच. पाकिटावर लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हा नियम आपल्याच भल्याचा आहे. उद्या न्यूमोनिया झाला तर तीच गोळी लागू पडायला हवी ना?

शिरवाळ

दिवसांचा मुद्दा पटला. पुढच्या वेळी थांबून बघतो.

रानजाई

मी नागपूरची. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्या घरात जे झालं ते इथे लिहायलाच हवं असं वाटलं. काकांना जुना मधुमेह. कोविडमध्ये स्टिरॉइडं द्यावी लागली, साखर प्रचंड वाढली. घरी आल्यावर उजवं नाक चोंदलं, गाल दुखायला लागला. सगळे म्हणाले सर्दी असेल. एक दिवस दाढी करताना ते काकूला म्हणाले, "इथं ब्लेड लागलं तरी कळत नाहीये." बोटाने दाबलं तर नाकाच्या बाजूपासून वरच्या ओठापर्यंतचा भाग बधिर. काकूने बॅटरी लावून तोंडात पाहिलं, टाळूवर काळसर डाग. वरचे दोन दात हलत होते. त्याच संध्याकाळी दाखल केलं. म्युकर, म्हणजे काळी बुरशी, होता. वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला, इंजेक्शनांसाठी भावाने अख्खं शहर पालथं घातलं. काका आज आहेत, डोळा वाचला. काकूने बॅटरी लावून पाहिलं नसतं तर?

कृष्णाकाठ

रानजाईताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. काकूंना माझा नमस्कार सांगा.

मधुमेह ताब्यात नसलेल्या, किडनीरोपण झालेल्या, केमो चालू असलेल्या किंवा बरेच दिवस स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाला वर लिहिलेला दहा दिवसांचा हिशोब लागू नाही. त्यांच्या नाकाचं काहीही झालं तरी लवकर दाखवायचं. गालाचा बधिरपणा, नाकातून काळी खपली किंवा रक्ताळ स्राव, टाळूला काळेपणा, अचानक हलणारे दात: यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. ही बुरशी कोविडआधीही होती आणि आजही आहे.

बाकी कुणालाही, वय काही असो, पुढच्या गोष्टी दिसल्या तर रात्र उजाडायची वाट बघू नका: डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, एकाचे दोन दिसणं, नजर कमी होणं, कपाळावर मऊ फुगवटा, मान ताठ होणं, असह्य डोकेदुखीसोबत उलट्या, बरळणं किंवा गुंगी. डोळा आणि सायनस यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं, आणि मेंदूही लांब नाही. मुलांच्या बाबतीत सकाळी उठल्यावर एक पापणी सुजलेली दिसली तर "डास चावला असेल" म्हणण्याआधी त्याला सर्दी-ताप आहे का ते आठवा.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इथे वसंतात झाडांचे परागकण सुरू झाले की अर्धं मराठी मंडळ नाक पुसत असतं. दहा दिवस तर सोडाच, दोन-दोन महिने चालतं. ते सायनस धरायचं का? शिवाय इकडे नाक धुवायचं नेती पॉट औषधांच्या दुकानात सर्रास मिळतं, मी नळाच्या पाण्याने करते. चालेल ना?

कृष्णाकाठ

आधी दुसरं, कारण ते जास्त महत्त्वाचं. नळाचं पाणी थेट नाकात नको. २०११ मध्ये लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोन जण नेग्लेरिया नावाच्या अमीबामुळे दगावले. हा अमीबा पाण्यासोबत पोटात गेला तर काही करत नाही, नाकात वरपर्यंत गेला तर मेंदूत शिरतो. अतिशय दुर्मीळ आहे, पण टाळणं आपल्या हातात आहे. खळखळून किमान एक मिनिट उकळलेलं आणि कोमट झालेलं पाणी, किंवा डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडच्यांनीही फिल्टरचं पाणी उकळूनच वापरावं, विहिरीचं तर नक्कीच. पाव लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. नेतीचं भांडं दर वेळी धुऊन कोरडं करायचं. नेती चांगलीच आहे, माझे कितीतरी पेशंट तिच्यावर खूश आहेत.

आता परागकण. ॲलर्जीत खाज असते. नाकाला, डोळ्यांना, टाळूला. एकापाठोपाठ दहा शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, दोन्ही बाजूंनी, आणि ताप नाही. तुमच्याकडे झाडांचे परागकण, इकडे गाजर गवत, उशा-गाद्यांतले धुळीतले किडे, कोकणात पावसाळ्यात भिंतींवर येणारी बुरशी. मात्र ॲलर्जीने अस्तर कायम सुजलेलं राहिलं की छिद्रं बुजून संसर्गही होऊ शकतो. चोंदणं, घशात उतरणारा कफ, जडपणा आणि वास न येणं हे बारा आठवड्यांच्या वर गेलं तर तो जुनाट सायनसचा आजार. तिथे दुर्बिणीने नाक तपासणं आणि गरजेनुसार सीटी स्कॅन लागतो. साध्या एक्स-रेवर पैसे घालवू नका.

चिंचबन

मला कुणी सांगितलं नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करा. वास तर वर्षभर जवळपास गेलाच आहे, आणि दमाही आहे. डोकेदुखीसाठी ॲस्पिरिन घेतली तर धाप लागते.

कृष्णाकाठ

हाड वाढलं असं सांगतात तेव्हा बहुधा मधला पडदा वाकडा असतो किंवा नाकाच्या कडेची मांसल घडी सुजलेली असते. वाकडा पडदा कितीतरी लोकांत असतो आणि त्यांना काही त्रासही नसतो. तुमच्या बाबतीत मला दुसरीच काळजी वाटते. दमा, गेलेला वास आणि ॲस्पिरिनने धाप हे तिन्ही एकत्र असेल तर नाकात पॉलिप (सुजलेल्या अस्तराचे मऊ फुगवटे) असण्याची दाट शक्यता असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनीही तसंच होऊ शकतं, तेव्हा अशा गोळ्या आजपासून बंद आणि हे प्रत्येक डॉक्टरला, दंतवैद्यालासुद्धा, सांगायचं. कान-नाक-घसा आणि छातीच्या डॉक्टरांनी मिळून बघायला हवं. ऑपरेशन लागलं तरी त्याने निचऱ्याचे मार्ग मोकळे होतात, अस्तराचा स्वभाव बदलत नाही. नंतरही नाक धुणं आणि स्प्रे चालू ठेवावा लागतो, नाहीतर पॉलिप परत येतात.

पाणपोई

स्प्रेवरून आठवलं. मेडिकलवाल्याने यांना नाक मोकळं करणारे थेंब दिले होते, आता त्याशिवाय झोप लागत नाही. तुम्ही म्हणता तो स्प्रे हाच का?

कृष्णाकाठ

नाही, दोन्ही वेगळे. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब दोन मिनिटांत नाक उघडतात, पण तीन ते पाच दिवसांच्या वर घेतले की उलटा परिणाम होतो. थेंब उतरले की नाक आधीपेक्षा घट्ट बंद, म्हणून पुन्हा थेंब. यांना त्यातून बाहेर काढता येतं. एक युक्ती म्हणजे आधी एकाच नाकपुडीचे थेंब बंद करायचे, ती सावरली की दुसरीचे. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच हे करा.

स्टिरॉइडचा स्प्रे सावकाश चालतो, फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि रोज घ्यावा लागतो. बहुतेकांचा तो वाया जातो, कारण मान मागे टाकून सरळ वर मारतात आणि सगळा घशात उतरतो. नाक आधी धुऊन घ्या. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा. टोक मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेर, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला. दाबताना हलकेच श्वास घ्या, जोरात ओढू नका. घशात कडू लागलं तर समजा दिशा चुकली. पडद्यावर रोज फवारा बसला तर खपल्या धरतात, रक्त येतं, आणि लोक औषधच सोडून देतात.

पाणपोई

आज रात्रीच उजव्या नाकपुडीचे थेंब बंद करायला सांगते. यांना रक्तदाब नाहीये.